नऊ बालकांचा दगड

मी इतिहास शिकवते. दर वर्षी थंडीच्या सुरुवातीला सातवीच्या मुलांना गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत घेऊन जाते. पुस्तकात राजे असतात, लढाया असतात, तह असतात. आपल्या गावात कोण राहिलं आणि कशाने मेलं, हे पुस्तकात नसतं. पहिल्या वर्षी पालकांनी बरीच कुरकुर केली. पोरं घाबरतील, आजारी पडतील, काय नि काय. पोरं कसली घाबरतात! दोघादोघांना एकेक दगड वाटून दिला की कागद लावून, त्यावर पेन्सिल आडवी घासून अक्षरं उतरवून घ्यायची आणि मग त्या माणसाची माहिती शोधत गावभर हिंडायचं, यात त्यांना सहलीपेक्षा जास्त मजा वाटायची. एका जोडीला एकदा पोहणं शिकवणाऱ्या एका पटाईत मास्तराचा दगड मिळाला. तो विहिरीत बुडून मेला होता. आठवडाभर वर्ग त्याच्यावर हसत होता.

दफनभूमीच्या फाटकाला लागून पत्र्याच्या छपराचं एक दुकान होतं. तीन बाजूंना भिंती, चौथी बाजू सताड उघडी. तिथे अक्षरवाले काका बसायचे. कबरीवरच्या दगडांची अक्षरं, दारावरच्या पाट्या, कोनशिला, सगळं तेच कोरायचे. वय अडुसष्ट. दगडाच्या भुकटीने त्यांच्या भुवया बारा महिने पांढऱ्या असत. खऱ्या पांढऱ्या कधी झाल्या ते आपल्यालाच कळलं नाही, असं ते म्हणायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला. आमची मुलं आली की काका काम बाजूला ठेवून उठायचे. झिजलेला दगड कसा वाचायचा ते त्यांनीच आम्हाला शिकवलं. आधी पाणी मारायचं, मग बाजूने आरसा धरून तिरपा उजेड पाडायचा, की बुजलेली वेलांटीसुद्धा वर येते. मुलांवर ते कधी ओरडले नाहीत. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. कडाक्याच्या थंडीत शेजारचा चहावाला आपली शेगडी त्यांच्याकडे सरकवायचा, तेव्हा काका न बोलता उठायचे आणि लांब उन्हात जाऊन बसायचे.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. सगळे तिला चष्मेवाली म्हणायचे, म्हणून मीही म्हणते. तिला आणि तिच्या जोडीदाराला मागच्या कुंपणाजवळचा एक बुटका दगड मिळाला. त्यावर एवढंच होतं: 'बालकाश्रमातील नऊ बालके. साथीच्या तापाने देवाघरी.' आणि खाली तारीख, बावन्न वर्षांपूर्वीची.

चष्मेवालीने कागदावर अक्षरं उतरवली आणि माझ्याकडे आली.

"बाई, ही तारीख एकच आहे."

"मग?"

"साथीत नऊ जण एकाच दिवशी मरतात का? आमच्याकडे ताप आला तेव्हा आधी मला आला, मग आईला, बाबांना तर चार दिवसांनी."

मी म्हटलं, जुन्या काळी औषधं नव्हती, एकदम जात असतील माणसं. शिक्षकाला उत्तर येत नसलं की तो जुन्या काळावर ढकलतो, तसं मी ढकललं. तिला ते पटलं नाही. ती आणि तिचा जोडीदार दोन दिवस शाळा सुटल्यावर दफनभूमीत जाऊन एकेक दगड तपासत फिरले. त्या महिन्यात गेलेला फक्त एक माणूस सापडला, ब्याऐंशी वर्षांचा म्हातारा. साथ होती, तर ती फक्त आश्रमातच कशी आली? नगरपालिकेत माझी ओळख होती, म्हणून मृत्यूंची जुनी नोंदवही बघायला मिळाली. नऊ नोंदी, एका खाली एक, एकाच हाताच्या, एकाच शाईच्या. कारणाच्या रकान्यात पहिल्या ओळीत 'ताप' आणि खाली आठ वेळा 'तेच', 'तेच'. नावाच्या रकान्यात नुसते आकडे.

चष्मेवाली थेट काकांच्या दुकानात गेली. मी तिच्या मागेच होते.

"काका, तो मागचा नऊ मुलांचा दगड कोणी कोरला?"

काका एका पाटीवर दोरा ताणून आखणी करत होते. दोरा त्यांच्या हातातून सुटला.

"मी."

"त्यांना खरंच ताप आला होता का?"

"दगडावर आहे ते उतरवून घ्यायचं," काका म्हणाले, "आणि घरी जायचं. फार चोंबडेपणा करायचा नाही."

असं ते कधीच बोलत नसत. चष्मेवालीचा चेहरा पडला. मी तिला घेऊन निघाले. वाटेत तिला समजावलं की म्हाताऱ्या माणसांना काही गोष्टींचा त्रास होतो, आपण दुसरा दगड घेऊ. तिने उतरवलेला कागद घडी घालून दप्तरात ठेवला.

तीन दिवसांनी तिसऱ्या तासाला वर्गाच्या दारात काका उभे होते. धुतलेला सदरा, हातपाय घासून स्वच्छ. भुकटीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

"बाई, पोरांना सांगायचंय. तुमची हरकत नसेल तर."

काय सांगणार ते मला ठाऊक नव्हतं. मी त्यांना खुर्ची दिली. आज विचार केला तर वाटतं, आधी बाहेर नेऊन ऐकायला हवं होतं. पण मग मी त्यांना आत येऊच दिलं नसतं.

काका खुर्चीच्या अगदी कडेला बसले आणि म्हणाले, "मी त्या आश्रमातलाच. आई-बाप कोण, माहीत नाही. सोळा वर्षांचा होतो. दिवसा उस्तादांकडे दगडकाम शिकायचं आणि संध्याकाळी आश्रमात लहान पोरांवर लक्ष ठेवायचं. चावी माझ्याकडे असायची.

"आमचे व्यवस्थापक साहेब कडक होते. जी पोरं अंथरूण ओलं करायची त्यांचा त्यांना फार राग. त्या थंडीत त्यांनी अशी नऊ पोरं वेगळी काढली आणि सांगितलं, यांना आजपासून कोठीत झोपवायचं, सवय मोडेल. कोठी म्हणजे पोती ठेवायची खोली. खाली फरशी, वर एक झरोका. संध्याकाळी मी त्यांना आत सोडलं तर पोरं थडथडा उडत होती. मुंगी म्हणून एक होती, पाच वर्षांची, तिचे ओठ निळे पडलेले. ढोल्या होता, नावाला ढोल्या, अंगावर काही नाही. हळदी, नकटू, शिवाय दोघं जुळे, आणि एक गुणगुण्या, तो सारखं काहीतरी गुणगुणायचा. उरलेली दोघं त्याच आठवड्यात आलेली, एक मुलगा, एक मुलगी. त्यांना अजून कोणी टोपणनाव ठेवलं नव्हतं, खरी नावं आश्रमाच्या वहीत होती."

मागच्या बाकावरची दांडगी पोरंही पुढे वाकून बसली होती.

"मी स्वयंपाकघरात गेलो. स्वयंपाकीण मावशीकडून शेगडी भरून निखारे घेतले आणि कोठीत मधोमध ठेवली. झरोक्यातून वारा येत होता, त्यात गोणपाट कोंबलं. पोरं शेगडीभोवती गोळा झाली, हसायला लागली. मुंगी म्हणाली, दादा, दार लावून घे, वारा येतो. मी दार लावलं. साहेब फेरी मारतील म्हणून बाहेरून कुलूपही घातलं. सकाळी पाणी घेऊन गेलो तर..."

चष्मेवालीने विचारलं, अगदी हळू, "काका, तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"नाही गं बाळ. धूर नव्हता ना. निखारे कसे लालबुंद होते, धुराचं नावही नव्हतं. धूर असता तर मी ठेवलीच नसती."

मग त्यांनी उरलेलं सांगितलं. साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं आणि विचारलं, शेगडी कोणी ठेवली? झरोका कोणी बुजवला? कुलूप कोणी घातलं? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकच होतं. साहेब म्हणाले, मी तुला वाचवतोय, तोंडाला कुलूप लाव. डॉक्टरांनी ताप लिहिला. महिन्याभराने उस्तादांकडे दगडाचं काम आलं. उस्तादांना काही माहीत नव्हतं. आश्रमातल्या पोरांचं काम आश्रमातल्या पोराने करावं, म्हणून त्यांनी ते प्रेमाने काकांच्या हाती दिलं. स्वतंत्रपणे कोरलेला तो काकांचा पहिला दगड.

"मी साहेबांना विचारलं, नावं घालू का? ते म्हणाले, नको, जागा पुरणार नाही. बाई, जागा होती. मी खडूने आखून पाहिलं होतं. नऊच्या नऊ बसत होती."

काका उठले. दाराशी थांबून म्हणाले, "बायकोलासुद्धा हे सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ती म्हणत राहिली, थंडीत खिडक्या उघड्या टाकून झोपणारा असला खुळा माणूस बघितला नाही." आणि गेले.

तास संपल्याची घंटा झाली. कोणी उठलं नाही.

त्यानंतर मुलांनी झपाटल्यासारखं काम केलं. आश्रमाला पत्र लिहून त्या वर्षीची पोरांची नोंदवही मागितली. आश्रम आता मोठी संस्था झाली आहे, तीन मजली इमारत, पुढे बाग. उत्तर एका ओळीचं आलं: जुने दप्तर वाळवीने खाल्ले आहे. मुलांनी मग काकांनी सांगितलं तेच स्वच्छ अक्षरात लिहून काढलं. वर दगडाचा उतरवलेला कागद डकवला, खाली काकांनी सांगितली ती टोपणनावं लिहिली. वार्षिक प्रदर्शनासाठी चष्मेवालीने तो तक्ता दाराजवळच्या भिंतीवर लावला, सगळ्यांना आधी दिसेल असा.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक सरांनी मला बोलावलं. माणूस वाईट नाही. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, "बाई, प्रदर्शन झकास झालंय. तेवढा एक तक्ता काढा."

"का सर?"

"आश्रमाचे अध्यक्ष आपल्या शाळेच्या मंडळावर आहेत, तुम्हाला माहीत नाही का? आणि पुरावा काय? एक म्हातारा म्हणतो. उद्या पालक मला धारेवर धरतील, तेव्हा काय सांगू?"

मी वाद घातला असता. मनात सगळं जुळवूनही ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं, "बरं." खाली आले आणि माझ्या हाताने टाचण्या काढल्या. त्याच भिंतीवर दोन मुलांनी व्यवस्थापक साहेबांच्या कबरीवर केलेला तक्ता होता. संगमरवरी दगडाचं सुरेख चित्र आणि खाली 'अनाथांचा पिता'. तो तसाच राहिला. रिकाम्या जागेसमोर चष्मेवाली आली, बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेली. वर्षभरात तिने पुन्हा माझ्या तासाला हात वर केला नाही.

प्रदर्शनानंतर काकांनी मला गाठलं. "लावलं का?"

"नाही काका. जागा पुरली नाही."

बोलून गेल्यावर माझं मला कळलं. काका रागावले नाहीत. मान हलवत म्हणाले, "जागा असते, बाई."

पण तक्ता काढला म्हणून गोष्ट थोडीच लपते? तीस पोरांनी तीस घरी सांगितली होती. गाव चघळायला लागलं. साहेबांचं नाव कोणी घेईना, काकांचं मात्र सगळे घ्यायला लागले. नऊ पोरं मारून बसलेला माणूस, असं बायका भर बाजारात म्हणायच्या. एकाने वडिलांच्या दगडाचं दिलेलं काम परत नेलं. काकांनी अर्धी ओळ कोरली होती, तशीच गाडीत घालून नेली. काका एके सकाळी स्वतःच्या पायाने पोलीस चौकीत गेले आणि म्हणाले, माझा जबाब घ्या. फौजदाराने त्यांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"काका, व्यवस्थापक मेले, डॉक्टर मेले. गुन्हा कोणावर लावू?"

"मी आहे की."

"तुम्ही सोळा वर्षांचं पोर होतात. जा घरी. औषधं वेळेवर घेत चला."

हे काकांनीच मला सांगितलं. लहान पोराला दुकानातून हाकलावं तसं हाकललं, म्हणाले.

थंडी संपता संपता माझ्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, "बाई, माझ्या पणजीला अक्षरवाल्या काकांकडे जायचंय. ती रोज रडतेय." पणजी पंच्याऐंशीच्या पुढची, कमरेत वाकलेली. मी त्या दोघांबरोबर गेले, कारण काय होईल त्याची मला भीती वाटत होती.

दुकानात शिरताच म्हातारी म्हणाली, "ओळखलंस का रे? निखारे मी दिले होते."

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग गडबडीने पोतं अंथरून तिला बसवलं. "मावशी," ते म्हणाले, "तुझी काय चूक? मी मागितले, तू दिलेस. आपल्या दोघांनाही कुठे काय ठाऊक होतं?"

"मला ठाऊक होतं."

म्हातारी मान खाली घालून बोलत होती. "तू निखारे नेलेस तेव्हा मला वाटलं पोरांचे हात शेकवायला नेतोयस, परत आणशील. भांडी घासून झाली तरी शेगडी परत आली नाही. लहानपणी आमच्या शेजारी एक बाळंतीण अशीच गेली होती, बंद खोलीत. मी हात पुसत तुझ्याकडे चावी मागायला निघाले. जिन्यात साहेब भेटले. मी म्हटलं, साहेब, कोठीत शेगडी आहे, दार बंद आहे, पोरं गुदमरतील. साहेब म्हणाले, तुला कोणी विचारलं? तुझं काम स्वयंपाकघरात. परत फिर. आणि मी परत फिरले रे. माझी नोकरी गेली असती तर दोन लेकरांना घेऊन कुठे जायचं होतं?"

"साहेबांना माहीत होतं?" काकांचा आवाज मला ओळखू येईना.

"मी सांगितलं होतं."

"आणि तू? सकाळी तू मला का नाही सांगितलंस? बावन्न वर्षं, मावशी! मी एकटाच..."

म्हातारी रडत त्यांचे पाय धरायला वाकली. त्यांनी पाय मागे घेतले. तिला उठवलं नाही आणि माफ केलं असंही म्हणाले नाहीत. पणतूने तिला उठवून घरी नेलं. काकांच्या मनातलं ओझं हलकं होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. इतकी वर्षं ते स्वतःला एक अडाणी, दुर्दैवी पोर समजत आले होते. आता कळलं की दार वेळेवर उघडता आलं असतं, दोन माणसांना ते ठाऊक होतं, आणि त्यांतल्या एकाचं गुणगान त्यांनी स्वतः संगमरवरात कोरलं होतं. "तेव्हा हात चांगला बसला होता माझा," ते मला म्हणाले. "या गावातलं माझं सगळ्यात सुबक काम आहे ते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लोकांची येजा असताना, ते छिन्नी-हातोडी घेऊन दफनभूमीत गेले. व्यवस्थापक साहेबांच्या दगडासमोर मांडी घालून बसले आणि 'अनाथांचा पिता' ही ओळ खरवडून काढली. घाईने नाही, रागाने नाही. पाणी मारत, कडा सांभाळत, एकेक अक्षर. बाकीच्या दगडाला ओरखडासुद्धा नाही. चहावाला सांगतो, त्यांना पाऊण तास लागला आणि कोणी अडवलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं दुरुस्ती चालली आहे.

संध्याकाळपर्यंत संस्थेची तक्रार गेली. दफनभूमी ऐतिहासिक म्हणून जाहीर झालेली, तिथल्या जुन्या दगडाला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा. त्याच फौजदाराने त्याच टेबलावर काकांवर गुन्हा नोंदवला. मी चौकीत गेले तेव्हा काका बाकावर बसले होते आणि चक्क हसत होते.

"बघा बाई, नऊ पोरांसाठी यांच्याकडे कागद नव्हता. एका ओळीसाठी चार पानं लिहिली."

वयाकडे बघून त्यांना सोडलं. खटल्याची तारीख चार महिन्यांनंतरची लागली. ते तिथवर पोचले नाहीत. दुकानातच, दुपारी, दगडाला पाठ टेकून बसले असताना गेले. मुलगा आला, सामान विकून टाकलं आणि हत्यारं चहावाल्याला देऊन गेला. पुरायला आम्ही अकरा माणसं होतो. चष्मेवाली तिच्या वडिलांबरोबर आली होती. म्हातारी पणजीही आली, पण फाटकाच्या आत पाऊल टाकायला तयार झाली नाही, बाहेरच बसून राहिली. गावात आता अक्षरं कोरणारं कोणी नाही, बाहेरून छापील पाटी मागवावी लागते. काकांच्या कबरीवर तशीच एक आहे, मुलाने लावलेली.

मी सरांना एक चिठ्ठी लिहिली की तो तक्ता मी काढला ही माझी चूक होती आणि पुढच्या प्रदर्शनात तो लागेल. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षी प्रदर्शनच ठेवलं नाही. दफनभूमीच्या भेटीला बंदी मात्र कोणी लेखी घातली नाही, म्हणून मी यंदाही सातवीला घेऊन गेले. साहेबांच्या दगडाशी एक मुलगा थबकला. खरवडलेल्या जागेवर बोट फिरवत त्याने विचारलं, "बाई, इथलं कोणी काढलं?"

मी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि कोठीपासून सांगायला सुरुवात केली. परत फिरायला अर्धा तास होता. तो पुरला नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, दार उघडं ठेवून.